एसआयपी नंतर बघू, आधी घरातली वही काढा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ३२, बायको ३०, दोघंही नोकरीत, हातात येणारा पगार तुमचा ५८ आणि तिचा ३७ असे मिळून ९५ हजार. मुलगी ३ वर्षांची. आई-वडील गावी, वडील ७१. होम लोन अजून २९ लाख बाकी, हप्ता २७ हजार. क्रेडिट कार्डावर ६५ हजार साचलेत आणि दर महिन्याला मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरावी लागणारी रक्कम, तेवढीच भरताय. वर्षाला २४ हजारांची एक पॉलिसी, वडिलांच्या ओळखीच्या पतसंस्थेत ३ लाखांची ठेव, आणि महिन्याला कसेबसे ५ हजार उरतात, तर कुठल्या म्युच्युअल फंडात एसआयपी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रकमेची गुंतवणूक, सुरू करू, असं विचारलंय.

मी आर्थिक सल्ला द्यायचं हे काम १९ वर्षं करतेय, आणि दहातले नऊ जण पहिला प्रश्न हाच विचारतात, कुठला फंड. खरं सांगायचं तर तुमच्या यादीत फंडाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. आधीचं सगळं लावून घेतलं की फंड निवडणं हे अर्ध्या तासाचं काम उरतं.

चार वर्षांपूर्वी एक ताई माझ्याकडे आल्या होत्या, हातात साडीच्या दुकानाची मोठी पिशवी आणि त्यात कागद कोंबलेले. नवरा ४१ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेला, महिनाही झाला नव्हता. पिशवी टेबलावर उलटी केली तर त्यातून दोन बँकांची पासबुकं, तीन वर्षांपूर्वीची एक प्रीमियमची पावती, गॅसचं कार्ड, मुलीचा जन्मदाखला आणि एका बंद पडलेल्या फंडाचं स्टेटमेंट असं काय काय निघालं. नवऱ्याच्या फोनला पॅटर्न लॉक, तो कुणालाच माहीत नाही. कुठली पॉलिसी चालू आहे हे कळायचा एकच मार्ग होता, त्या नंबरवर येणारे मेसेज, आणि ते सिम पोस्टपेड होतं, बिल थकलं म्हणून बंद व्हायला आलेलं. मी सगळ्यात आधी काय केलं असेल तर त्यांना ते बिल भरायला पाठवलं. पगाराच्या खात्यात नॉमिनी म्हणून सासूबाईंचं नाव, लग्नाच्या आधी टाकलेलं, आणि सासूबाई जाऊन सहा वर्षं झालेली. मग वारसाचे कागद, ॲफिडेव्हिट, हमीपत्र, प्रत्येक खिडकीवर वेगळा फॉर्म. सगळं मिळून साडेचौदा लाख निघाले, म्हणजे माणसाने ठेवलं नव्हतं असं नाही, पण हातात यायला ११ महिने लागले आणि तोवर मुलीची फी त्यांनी भावाकडून उसने घेऊन भरली.

तेव्हापासून मी कुणालाही पहिल्या भेटीत एकच काम सांगते, एक साधी दोनशे पानी वही घ्या. मोबाईलमधली एक्सेल शीट नको, कारण ती ज्याच्या मोबाईलमध्ये असते त्यालाच सापडते. वहीत लिहायचं: कुठली बँक, कुठली शाखा, खातं एकट्याचं की जॉइंट, नॉमिनी कोण. पीएफचा यूएएन नंबर. पॉलिसी नंबर, प्रीमियम कुठल्या तारखेला आणि कुठल्या खात्यातून जातो. कर्ज कुणाचं किती. आणि लोक हमखास विसरतात ते म्हणजे कुणाला हातउसने दिलेत आणि कुणाकडून घेतलेत. पासवर्ड वहीत नकोत, पण फोन कसा उघडायचा हे घरात अजून एका माणसाला माहीत पाहिजे. आणि हे एकट्याने बसून लिहू नका, बायकोबरोबर बसून लिहा. तिची खाती, तिचा पीएफ, तिचे दागिने लॉकरमध्ये असतील तर लॉकर कुणाच्या नावावर, हे सगळं त्यातच आलं पाहिजे. माझा अनुभव असा की या बसण्यातच निम्मं प्लॅनिंग होऊन जातं, आणि थोडं भांडणही होतं, होऊ द्या.

नॉमिनीबद्दल मोठा गैरसमज आहे म्हणून इथे जरा थांबते. बँकेतला नॉमिनी म्हणजे पैशाचा मालक असं नाही. बँक पैसे त्याच्या हातात देऊन मोकळी होते, पण त्याने ते कायदेशीर वारसांना द्यायचे असतात. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. आयुर्विम्यात थोडं वेगळं आहे, तिथे आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर २०१५ च्या दुरुस्तीपासून रक्कम त्यांचीच धरली जाते. बाकी सगळं मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्याने जातं. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलं आणि आई यांना सारखा वाटा मिळतो, वडील त्या पहिल्या रांगेत येतच नाहीत. हे ऐकून माझ्यासमोर बसलेले बरेच जण गप्प होतात. मृत्युपत्र म्हणजे म्हातारपणचं काम असं आपल्या डोक्यात बसलंय, पण ते साध्या कागदावर होतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही, केलं तर चांगलंच. आणि हो, १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, तेव्हा नॉमिनी बदलायला जाल तेव्हा एकदमच काय ते ठरवून जा. पीएफचं नॉमिनेशनही लग्नानंतर नव्याने करावं लागतं, ऑनलाइन होतं, पंधरा मिनिटांचं काम.

आता तुमचं कार्ड. ६५ हजारांवर महिना साडेतीन टक्के धरले तर व्याज २,२७५, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे अजून ४१०. मिनिमम ड्यू ५ टक्के धरला तर तुम्ही भरता ३,२५०. म्हणजे मुद्दलातून सुटतात फक्त ५६५ रुपये! वर जोपर्यंत थकबाकी आहे तोपर्यंत नवीन खरेदीला ते पन्नास दिवस बिनव्याजी वगैरे काही मिळत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. वर्षाचं व्याज चाळीस टक्क्यांच्या वर जातं, जगातला कुठलाही फंड तुम्हाला खात्रीने चाळीस टक्के देणार नाही, त्यामुळे एकीकडे हे ठेवून दुसरीकडे एसआयपी सुरू करणं म्हणजे गळक्या बादलीत नळ सोडण्यासारखं आहे.

हे फेडायचं कुठून, तर तुमच्या पतसंस्थेतल्या ठेवीतून. बहुतेक ठिकाणी ठेवतारण कर्ज मिळतं, ठेवीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त दराने. म्हणजे दहा-बारा टक्क्यांनी पैसे उचलून चाळीस टक्क्यांचं कर्ज मिटवायचं, ठेव मुदतीला आली की ते वळतं होईल. कार्ड शून्यावर आलं की ते फोडून टाका असं मी म्हणणार नाही, पण ॲपमध्ये जाऊन लिमिट कमी करून घ्या आणि पूर्ण बिलाचा ऑटो डेबिट लावा.

पतसंस्थेबद्दल दोन शब्द बोलतेच, कारण आपल्याकडे घराघरात हे आहे. बँक बुडाली तर प्रत्येक खातेदाराला प्रत्येक बँकेमागे मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे, फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी तो एक लाखच होता. यात सहकारी बँकाही येतात. पतसंस्था येत नाही. बाहेर पाटीवर मोठ्या अक्षरात नाव, आत काउंटर, पासबुक, कॅशियर, सगळं बँकेसारखंच दिसतं म्हणून लोक धरून चालतात की असेलच विमा. एक टक्का जास्त व्याजासाठी तीन लाखांची जोखीम, आणि वडिलांच्या ओळखीवर. ओळख चांगली असेल हो, पण ओळखीने ताळेबंद सुधारत नाही. मुदत संपली की नूतनीकरण करू नका, वडिलांना वाईट वाटलं तर माझं नाव सांगा.

त्या तीन लाखांतून कार्डाचे ६५ हजार आणि थोडं व्याज गेलं की सव्वादोन लाखांच्या वर उरतील. तो तुमचा इमर्जन्सी फंड. तुमचा हप्ता, घरखर्च, गावी पाठवायचे, मुलीचं पाळणाघर असं न टळणारं सगळं धरून महिना ६५ हजार तरी लागत असणार, सहा महिन्यांचे चार लाख होतात. एकदम जमणार नाही, सव्वादोनपासून सुरुवात म्हणजे बरीच चांगली आहे. ठेवायचे कुठे, तर बँकेच्या स्वीप-इन एफडीत, म्हणजे बचत खात्याला जोडलेल्या आणि लागेल तेव्हा आपोआप मोडणाऱ्या ठेवीत, किंवा लिक्विड फंडात, म्हणजे अगदी कमी मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणाऱ्या फंडात, व्याज किती मिळतं ते सोडून द्या, रात्री अकरा वाजता हॉस्पिटलच्या काउंटरवर हातात येतील का एवढंच बघा.

एक निरीक्षण. लोक ज्याला इमर्जन्सी म्हणतात त्यातलं निम्मं इमर्जन्सी नसतंच. गाडीचा इन्शुरन्स दरवर्षी त्याच महिन्यात येतो, शाळेची फी जूनला येते, गणपतीला गावी जाणं, दिवाळी, मे महिन्यातली लग्नं आणि त्यांचे आहेर, हे सगळं कॅलेंडरवर छापलेलं असतं तरी दरवेळी आपण दचकतो आणि कार्ड काढतो. तुमचे ६५ हजार असेच साचले असणार, मी पैजेवर सांगते. तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा, वर्षातून एकदा येणारे सगळे खर्च एका पानावर लिहा, बेरजेला बाराने भागा आणि तेवढी रक्कम पगार झाल्याच्या दिवशी दुसऱ्या खात्यात ढकला. ज्या खात्याला यूपीआय जोडलेलं नाही अशा खात्यात. माझ्याकडे येणाऱ्या घरांमध्ये या एका गोष्टीने जेवढा फरक पडलाय तेवढा कुठल्याच फंडाने नाही पाडला.

विम्याकडे येऊ. तुमची ती २४ हजारांची पॉलिसी, २० वर्षं भरायची आणि शेवटी ८ लाख ८० हजार मिळणार, असं तुम्ही लिहिलंय. विकणारा सांगतो ४ लाख ८० हजार भरले आणि जवळजवळ दुप्पट मिळाले. पण पैसे वर्षावर्षाला गेले, हिशोब मांडला तर परतावा बसतो साडेपाच टक्के. आणि विमा किती, तर ५ लाख. २९ लाखांचं लोन असलेल्या घराला ५ लाखांचा विमा! मी हे कुत्सितपणे म्हणत नाहीये, माझी पहिली चार वर्षं मीही अशाच पॉलिसी विकल्या, पहिल्या वर्षाचं कमिशन चांगलं असायचं आणि समोरच्यालाही "पैसे परत मिळतात" ऐकलं की बरं वाटायचं. आता मी फक्त फी घेते, कमिशन घेत नाही, म्हणून मोकळेपणाने बोलता येतं.

तुम्हाला पाहिजे टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा, नाहीतर काही परत न देणारा निव्वळ विमा. तुमचा वर्षाचा पगार सात लाख, त्याच्या बारापट ८४ लाख, वर लोन २९ लाख, म्हणजे एक कोटी तर हवाच. तंबाखू-सिगारेट नसेल तर तुमच्या वयाला साठीपर्यंतचा प्रीमियम वर्षाला बारा-पंधरा हजारांच्या आसपास येतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेलाय. बायकोचा पण घ्या, तिचा पगार घरात लागतो म्हणजे तिचाही विमा लागतोच, हे पुरुषांना का सुचत नाही कोण जाणे. फॉर्म भरताना बीपी, शुगर, घरातले आजार, महिन्यातून दोनदा ओढलेली सिगारेट, सगळं खरं लिहा. तीन वर्षं झाल्यावर कंपनीला पॉलिसीवर शंका काढता येत नाही असा कायदा आहे, पण क्लेम तीन वर्षांच्या आतच आला तर? आणि पॉलिसी घेतानाच, नंतर नाही, विवाहित स्त्री संपत्ती कायद्याखाली घ्या, १८७४ सालचा कायदा आहे, एक वेगळा फॉर्म असतो. त्याने ती रक्कम बायको-मुलीचीच राहते, देणेकरी तिथे हात घालू शकत नाहीत. लोन असलेल्या माणसाने हे केलंच पाहिजे.

टर्म पॉलिसी हातात आल्यावरच जुन्या पॉलिसीचं बघा, आधी नाही. चार हप्ते भरून झालेत तर ती पेड-अप करता येईल, म्हणजे पुढे भरायचं थांबायचं आणि जमा झालेलं मुदतीला घ्यायचं, किंवा सरेंडर करायची, म्हणजे आत्ताच मोडून मिळेल ती रक्कम घ्यायची. दोन्हीचे आकडे कंपनीकडून लेखी मागवा. वाचलेल्या २४ हजारांत दोघांचा टर्म निघतो.

हेल्थमध्ये कंपनीचा ग्रुप इन्शुरन्स आहे म्हणून निर्धास्त राहू नका, नोकरी सुटली की तो सुटतो आणि नोकरी बहुतेक नको त्याच वेळी सुटते. तिघांचा दहा लाखांचा स्वतःचा फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच रक्कम असलेली पॉलिसी, घ्या. आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, ते थांबणं नोकरी चालू असतानाच सुरू होऊ द्या. खोलीभाड्याची मर्यादा आहे का ते वाचा. दिवसाला ५ हजारांची मर्यादा असेल आणि तुम्ही १० हजारांची खोली घेतली तर बऱ्याच पॉलिसीत फक्त खोलीचं नाही, डॉक्टरांच्या फीसकट बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापलं जातं. आई-वडिलांना तुमच्या फ्लोटरमध्ये घालू नका, प्रीमियम सगळ्यात मोठ्या वयावर ठरतो. वडील ७१ चे आहेत ना, मग ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये ५ लाखांचं कव्हर आहे, त्यांचं कार्ड आधारवरून काढून घ्या. गावाजवळचं कुठलं हॉस्पिटल त्यात बसतं ते आत्ताच विचारून वहीत लिहा.

टॅक्स वाचवायला म्हणून मार्चमध्ये काहीही घेऊ नका. नवीन करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्सच लागत नाही आणि तिथे ८०सी ची, म्हणजे विमा-पीपीएफसारख्या गुंतवणुकीवरची, सूटही नाही, तुम्ही दोघंही त्याच्या खाली आहात. तरी तुमच्या कंपनीत फेब्रुवारीत कुणीतरी ब्रोशर घेऊन येईलच.

आणि आता एसआयपी. कार्डाचे ३,२५० सुटले, पॉलिसीतून थोडे, तुमचे ५ हजार आहेतच. महिना ५ हजार २० वर्षं, १० टक्के धरले तर १२ लाखांचे साधारण ३८ लाख होतात. पाच वर्षं उशिरा सुरू केलं तर २१ लाख. हे बघून घाबरून आजच फॉर्म भरू नका, पाच महिन्यांनी असा फरक पडत नाही, पाच वर्षांनी पडतो. आणि ते दहा टक्के सरळ रेषेत येत नाहीत, मध्ये एखाद्या वर्षी तुमचे दोन लाख दीड लाख दिसतील, त्या वर्षी बंद करणार असाल तर सुरूच करू नका. एक निफ्टी इंडेक्स फंड, म्हणजे निफ्टीतल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचे शेअर जसेच्या तसे घेणारा फंड, डायरेक्ट प्लॅन, बास. डायरेक्ट प्लॅन जानेवारी २०१३ पासून आहेत, त्यात वितरकाचं कमिशन नसतं. पाच-सहा फंडांची गर्दी करून काही साधत नाही, सगळ्यांच्या पोटात तेच तेच शेअर असतात.

मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धी, म्हणजे मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेचं खातं उघडा, दहा वर्षांच्या आत उघडावं लागतं, वर्षाला २५० पासून दीड लाखांपर्यंत, सध्या ८.२ टक्के, पंधरा वर्षं भरायचं आणि एकविसाव्या वर्षी मुदत. लक्षात घ्या, एकवीस वर्षं खातं उघडल्यापासून, मुलीच्या जन्मापासून नाही. अठराव्या वर्षी शिक्षणासाठी निम्मे काढता येतात. महिना हजार-दीड हजारांनी सुरू केलं तरी चालेल. पीपीएफ तुमच्या दोघांचा पीएफ असताना आत्ता गरजेचा नाही, पण कधी भरलाच तर महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या महिन्याचं व्याज त्या रकमेवर मिळत नाही. सुकन्यालाही हाच नियम.

होम लोन आधी फेडू का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. कार्ड, इमर्जन्सी फंड आणि विमा मार्गी लागेपर्यंत नको. त्यानंतर बोनसमधून वर्षाला एक जादा हप्ता भरत राहा, हप्ता कमी न करता मुदत कमी करा असं बँकेला लेखी सांगा, नाहीतर ते आपल्या मनाने काहीतरी एक करून टाकतात.

येत्या रविवारी दोघं बसून वही भरा आणि पतसंस्थेच्या पावतीवरची मुदतीची तारीख आणि ठेवतारणाचा दर मला कळवा. मुदत दोन-तीन महिन्यांवर असेल तर तारण काढायची गरज नाही, तोवर तुमचे ते ५ हजारही कार्डातच भरत राहायचे. लांब असेल तर सोमवारीच अर्ज टाका.